डुक्कर फियाटच्या काचेवरचं स्टिकर

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

तुमचं नाव मी इथे घालत नाही. घातलं की तुम्ही म्हणणार, वैयक्तिक आकस आहे. आकस आहेच, पण तो तुमच्या खुर्चीवर आहे, आणि उद्या तुमची बदली झाली तरी तो इथेच राहील. भिंगारच्या गल्लीत शांतवन उजागरे यांच्या दारात जी गाडी उभी आहे, तिच्या पुढच्या काचेवर तुमच्या माणसानं पिवळं स्टिकर चिकटवलं. 'बेवारस वाहन. सात दिवसांत हटवावे, अन्यथा उचलून भंगारात काढण्यात येईल.' खाली तुमची सही. गाडीपासून चार पावलांवर घराचं दार. दारात उजागऱ्यांच्या पत्नी मरियाबाई तांदूळ निवडत बसलेल्या. तुमच्या माणसानं त्यांच्याकडे प्यायला पाणी मागितलं, प्यायला, तांब्या परत दिला आणि मग स्टिकर लावलं. सत्त्याहत्तर वर्षांची वारस समोर बसलेली, आणि गाडी बेवारस! मग त्या बाई कोण? गाडीबरोबर आलेल्या का?

आता सगळं पहिल्यापासून सांगतो, कारण तुमच्या कार्यालयात मला कोणी दोन वाक्यांच्या पुढे बोलू दिलं नाही.

शांतवन उजागरे म्हणजे आम्हा सगळ्या फियाटवाल्यांचे मामा, आणि मरियाबाई मामी. लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन फिटर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं, आणि उरलेलं आयुष्य फियाटमध्ये काढलं. त्यांची गाडी म्हणजे जुनी अकराशे, जिला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात. पाठ गोल, तोंड पुढे आलेलं, आणि पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे उतरणारा माणूस गाडीला पाठ दाखवण्याऐवजी नमस्कार करत उतरतो. आमचं 'अखिल जिल्हा जुनी फियाट मंडळ' त्यांनीच उभं केलं. अखिल जिल्हा म्हणजे एकूण चार गाड्या. मामांची डुक्कर, संगमनेरच्या गोरक्षनाथ शेठची निळी, राहुरीच्या अमृतरावांची पांढरी, आणि माझी, जिचा रंग कागदावर हिरवा आहे. हसू नका. तुमच्या कार्यालयात एकोणीस संगणक आहेत, त्यातले चालणारे किती?

आमच्या मंडळात एक रीत होती. मेळाव्याच्या आधी ज्याची गाडी रुसली, त्यानं ती मामांच्या दारात आणून लावायची, किल्ली द्यायची आणि निघून जायचं. मामा काय करायचे, कोणता पार्ट कुठून आणायचे, हे विचारायचं नाही. विचारलं की ते पाना खाली ठेवून आत जायचे, आणि मग दोन दिवस बाहेर येत नसत. म्हणून कोणी विचारत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झालेली असायची. आम्ही म्हणायचो, मामांच्या हाताला गुण आहे. आणि मामा स्वतः मेळाव्याला आमच्या सगळ्यांच्या आधी हजर. आम्ही धापा टाकत पोचावं, तर मामांची डुक्कर ऐन सावलीत उभी, बॉनेट बंद, मामा काच पुसत. निघतानाही शेवटचे. गाडीत कोणाला बसवत नसत. आम्हाला वाटायचं, जपतात.

गेल्या वर्षी मामा गेले. येत्या मंगळवारी वर्ष होणार होतं, म्हणून मी ठरवलं की स्मृतिदिन करायचा. छोटासाच. चार गाड्या भिंगारहून ख्रिस्ती कबरस्तानापर्यंत न्यायच्या, पुढे मामांची डुक्कर, तिच्यात मामी, मागे आम्ही तिघं. तिथे पाळकसाहेब प्रार्थना करतील, मी चार शब्द बोलेन. चार शब्दांची सात पानं झाली होती, ती गोष्ट वेगळी.

बुधवारी मी डुक्करच्या बॉनेटवर हार किती मोठा लागेल त्याचं माप घ्यायला गेलो. ताडपत्री बाजूला केली आणि तुमचं स्टिकर दिसलं. तारीख आदल्या दिवशीची, मंगळवारची. सात दिवस मोजले तर भरतात स्मृतिदिनाच्या दिवशी. ज्या दिवशी माणसाला आठवायचं, त्याच दिवशी त्याची गाडी भंगारात! हा योगायोग आहे असं तुम्ही म्हणाल. मी रंगनाथ बोरुडे, बत्तीस वर्षं एका पतसंस्थेत वसुलीला होतो. त्या नोकरीनं मला गुडघेदुखी आणि संशय या दोन गोष्टी कायमच्या दिल्या. दार बंद असलं तरी आत माणूस आहे की नाही हे मी चपलांवरून सांगतो. योगायोगावर माझा विश्वास नाही.

गल्लीत तोवर सल्ला द्यायला गर्दी जमली. शेजारच्या छबूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "शेंदूर फासा गाडीला. दोन नारळ फोडा म्होरं. कुनाची हाय का छाती उचलायची?"

"अहो छबूबाई, उजागरे ख्रिस्ती."

"आवं, उचलनारा कोन हाय ते बगा की! त्यो तर भितो ना?"

आमच्या घरचा सल्ला निराळा. माझी बायको मुक्ता म्हणाली, "वाढदिवसाचं बॅनर बांधा गाडीला. कोणाचाही फोटो टाका, गॉगल लावलेला. आपल्या गावात बॅनरला हात लावायची कोणाची टाप नाही." मला हे पटलं होतं, हे मी कबूल करतो. पण मी कायद्यानं चालणारा माणूस. म्हणून गुरुवारी तुमच्याकडे आलो. ती माझी पहिली चूक.

खिडकीतल्या तुमच्या माणसानं गाडीचा नंबर संगणकात टाकला आणि मान हलवली.

"एमएचनं सुरू होत नाही."

"मुंबई राज्याच्या वेळचा नंबर आहे. तेव्हा महाराष्ट्र झाला नव्हता."

"मग झाल्यावर लगेच बदलून घ्यायचा ना. मालकाला घेऊन या."

"मालक वारले."

"कधी?"

"मंगळवारी वर्ष होईल."

"मग वर्षभर काय करत होते?"

"कोण? मालक?"

तो वैतागला. मला म्हणाला, नाव लावायला ओटीपी लागेल, तो मालकाच्या मोबाईलवर जाईल. मी म्हटलं, मोबाईल बंद आहे. तो म्हणाला, चालू करून घ्या. मी म्हटलं, अहो, मालकच बंद आहेत! मागच्या रांगेतली माणसं हसली. मी विनोद केला नव्हता. माझा आवाज चढला होता, एवढंच.

मग त्यानं मार्ग सांगितला. गाडी चालती आहे हे सिद्ध करा, म्हणजे ती बेवारस धरली जाणार नाही. कार्यालयात आणून दाखवा. मी म्हटलं, आणतो, उद्याच आणतो. तर म्हणाला, स्टिकरवरची खालची ओळ वाचा. खाली मुंगीएवढ्या अक्षरात होतं, विनापरवानगी वाहन जागेवरून हलविल्यास कारवाई.

"मग आणू कशी?"

"हलवायची परवानगी घ्या."

"देतं कोण?"

"आम्हीच."

"द्या."

"गाडी चालती असल्याचा दाखला जोडा."

बत्तीस वर्षं मी लोकांना चकरा मारायला लावल्या, पण असा गोल मलाही कधी जमला नाही. मी तुमच्या केबिनमध्ये घुसलो. आठवतं का? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "जुनं लोखंड आहे हो, बाबा. कशाला जीव लावता?" साहेब, मी दर पंधरा दिवसांनी केस काळे करतो. बाबा म्हणायची काही गरज नव्हती. आणि लोखंडाचं म्हणाल, तर तुमच्या टेबलावरचा पेपरवेट काचेचा होता, तोसुद्धा तुम्ही दोन्ही हातांनी धरून बसला होतात.

शुक्रवारी मी ठरवलं, परवानगी गेली उडत. गाडी चालू करायची, गल्लीतच चालू करायची, आणि तिचा व्हिडिओ काढून तुमच्या तोंडावर मारायचा. मामींनी किल्ली दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा मामांच्या गाडीचं बॉनेट उघडलं.

आत काही नव्हतं.

म्हणजे इंजिनचा ठोकळा होता. पण कार्बोरेटर नाही, पेट्रोल पंप नाही, डायनामो नाही, सेल्फ नाही. डिस्ट्रिब्युटरच्या जागी चिमणीनं घरटं केलेलं. लग्न उरकल्यावर मांडव दिसतो तशी ती गाडी आतून दिसत होती. माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, "चोरी!"

मामींनी वर पाहिलं, सूप हलवलं, आणि पुन्हा तांदळाकडे बघू लागल्या. त्यांचं गप्प बसणं मला संशयास्पद वाटलं. पण त्या वेळी मला गल्लीतलं कुत्रंही संशयास्पद वाटत होतं, ते माझ्याकडे बघत नव्हतं म्हणून.

विचार केला. अकराशेचे पार्ट कोणाच्या कामाचे? ज्याच्याकडे अकराशे आहे त्याच्या. जिल्ह्यात अशी माणसं, मी सोडून, दोन. आणि पुरावाही होता. मामांना वर्कशॉपची सवय, आपल्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पार्टवर ते पंचनं तीन टिंबं ठोकायचे, एका ओळीत. हे त्यांनी मला एकदा स्वतः दाखवलं होतं. म्हणजे ज्याच्या बॉनेटखाली तीन टिंबं सापडतील, तो चोर. मी टॉर्च घेतला, मुक्ताचं सुईत दोरा ओवायचं भिंग घेतलं, आणि शनिवारी सकाळी माझी हिरवी फियाट राहुरीकडे काढली. एका झटक्यात सुरू झाली. मला तिचा अभिमान वाटला. गुन्हेगारांच्या मागे जायचं तर गाडी अशी पाहिजे.

अमृतराव विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, भित्रा माणूस. बियाणं मोजता मोजता आवाजही चिमटीएवढा झालेला. मी म्हटलं, "तुमच्या गाडीचा आवाज बदललाय म्हणतात, बघू जरा." बिचाऱ्यानं बॉनेट उघडलं, वर चहाही सांगितला. मी भिंग लावलं. पेट्रोल पंपावर तीन टिंबं.

"अमृतराव, हे काय आहे?"

"पंप."

"कोणाचा?"

"मामांनी बसवला, बारा वर्षांपूर्वी. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं असंच ठरलंय ना आपलं?"

"चोर असंच म्हणतो," मी म्हटलं. अमृतरावांच्या हातातली बशी वाजायला लागली. त्यांच्या मंडळींनी आतून विचारलं, "काय झालं हो?" ते म्हणाले, "काही नाही, मी चोर आहे म्हणतात." मी त्यांना आरोपी आणि माफीचा साक्षीदार अशा दोन्ही नात्यांनी गाडीत घातलं आणि संगमनेर गाठलं. वाटेत त्यांनी तीनदा विचारलं की तुरुंगात पथ्याचं जेवण मिळतं का.

गोरक्षनाथ शेठ हे वेगळं प्रकरण. दुधाचा धंदा, तीन मजली घर, हातात अंगठ्या, आणि आवाज असा की म्हशी पान्हा सोडतात. निळी फियाट त्यांनी पोर्चमध्ये ठेवलेली, खाली गालिचा. मी सरळ बॉनेटला हात घातला.

"ये बोरुडे! हात काढ. इचारून हात लावायचा."

"मंडळाची तपासणी आहे, शेठ."

"कोन मंडळ? चार गाड्यांचं? माज्या गोठ्यात याच्यापेक्षा जास्ती सभासद हाईत!"

पण तोवर मी टॉर्च मारला होता. कार्बोरेटर. तीन टिंबं, स्वच्छ, एका ओळीत. मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं इथे लिहीत नाही. 'मेलेल्या माणसाच्या टाळूवरचं लोणी' एवढं आठवतं. शेठचे गडी जमले. शेजारच्या गच्चीवर बायका आल्या. एक म्हातारे गृहस्थ फाटकातून म्हणाले, "मिटवा, मिटवा, जमिनीचं असंल तर मोजनी आना."

गोरक्षशेठ लाल झाले, पण बोलले हळू. तेच वाईट असतं. "तुजी गाडी हिकडं आली कशी रं? चालत ना? मग उघड तिचं बॉनेट."

"माझं का?"

"का? तुज्यात काय देव बसलाय?"

इथे मला एक गोष्ट लिहावी लागेल, साहेब, आणि मी ती लिहितो, कारण मी तुमच्यासारखा खालची ओळ बारीक अक्षरात छापणारा नाही. माझ्या गाडीचं बॉनेट मी मामांखेरीज कोणाला उघडू दिलेलं नाही, आणि स्वतःही कधी नीट आत पाहिलेलं नाही. मी गाडीचा शौकीन आहे. शौकिनानं आत बघितलं की शौक जातो.

अमृतरावांनी भिंग हातात घेतलं. प्रयोगशाळेतला माणूस, त्यांची चिमटी स्थिर झाली. "डायनामो, तीन टिंबं," ते म्हणाले. मग, "सेल्फ, तीन टिंबं." मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं सुटलो. "आणि डिस्ट्रिब्युटर. इथे तर टिंबं फारच छान उमटलीत, रंगनाथराव."

म्हणजे अमृतरावांकडे एक, शेठकडे एक, आणि फिर्यादीकडे तीन.

गच्चीवरच्या बायका हसल्या. ते फाटकातले म्हातारे म्हणाले, "मोजनी झाली का?" मला बसायला कोणी खुर्ची दिली नाही, म्हणून मी शेठच्या गालिच्यावर बसलो. त्यांनी तो गालिचा माझ्याखालून काढून घेतला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

सोमवारी तिघंही आपापल्या गाड्या घेऊन भिंगारला आलो, मामींना विचारायला. गोरक्षशेठ गल्लीत उतरताच म्हणाले, "हे बगा मामी, कार्बोरेटर माझ्याकडं हाय. चोरला न्हाई. पन दिला तर माजी गाडी बसंल, ते बी सांगतो." मामी तांदूळ निवडत राहिल्या. शेवटी छबूबाईंना राहवेना.

"आता लई झालं बया. मी सांगते. आवं, मिस्त्रींची गाडी कवा सोताच्या पायानं गेलीच न्हाई! बारा वरसं झाली. आमच्या जावयाच्या टेम्पोला दोर बांधायचा, आन् तांबडं फुटायच्या आत मेळाव्याच्या जागी नेऊन ठिवायची. तुमी यायच्या आत दोर सोडायचा. तुमी गेल्यावर परत बांधायचा. मी सोता दोर धरलाय. आन् तुमी म्हनायचे, मामा लई टायमाचे!"

आम्ही तिघंही मामींकडे वळलो. सूप त्यांनी खाली ठेवलं.

"त्यांनी सांगू नका म्हटलं होतं," मामी म्हणाल्या. बालवाडीत आयुष्यभर शिकवलेल्या बाई, एकेक शब्द सुटा. "पहिल्यांदा अमृतरावांना पंप दिला तेव्हा मी भांडले होते. तर मला म्हणाले, मरिया, माझी एक बसली तर यांच्या तीन चालतील. आणि पार्ट बाहेर मिळतच नव्हते. आणणार कुठून?"

अमृतरावांनी चष्मा काढला आणि तो पुसण्यात फार वेळ घालवला. गोरक्षशेठ आपल्या गाडीकडे गेले, अंगठ्या एकेक करून काढून खिशात टाकल्या, डिकीतून पाना घेतला आणि कार्बोरेटर खोलायला लागले. मी बराच वेळ उभा राहिलो. तीन पार्ट होते माझे. मग मीही कोट काढला.

काढणं सोपं. बसवणं मामांचं काम. आम्ही तिघं डुक्करच्या तोंडात डोकी घालून उभे, मागे गल्ली सल्ला द्यायला. पाच वाजता सगळं बसलं. शेठनं सेल्फ मारला, आणि असा बार झाला की गल्लीतली कबुतरं कँटोन्मेंटच्या हद्दीबाहेर गेली. पुन्हा मारला, पुन्हा बार. गल्लीच्या तोंडाशी दोन जवान येऊन बघून गेले. त्यांनी आमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं मी थकबाकीदारांकडे बघायचो.

"प्लगच्या वायरी कशा लावल्यात?" दारातून मामींनी विचारलं.

"क्रमानं. एक, दोन, तीन, चार."

"तसं नाही. एक, तीन, चार, दोन."

"तुम्हाला कसं माहीत?"

"पंचावन्न वर्षं झोपेत बडबडायचे," मामी म्हणाल्या. "एक, तीन, चार, दोन. पहिल्या वर्षी मला वाटलं, यांची बाहेर कुठे मुलं आहेत, तीच मोजताहेत."

शेठनं वायरी बदलल्या. डुक्करनं एकदा शिंक दिली, आणि चालू झाली. आवाज असा, की शिंपी घाईत असावा. मामी उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आणि मंगळवारी, साहेब, मी गाडी हलवली. विनापरवानगी. लिहून घ्या. पुढची काच स्टिकरसकट. शेठ चालवायला, मामी शेजारी, मांडीवर मामांचा फोटो. मागे आम्ही पायी, कारण आमच्या तिन्ही गाड्या आता गल्लीत मेलेल्या. अमृतराव, मी, मुक्ता, छबूबाई, अर्धी गल्ली. शेठ माणसाच्या चालीनं गाडी नेत होते. वाटेत एका पोरीनं मोबाईलवर बोलता बोलता विचारलं, "लग्न आहे का?" मुक्ता म्हणाली, "तसंच काहीसं."

कबरस्तानात पाळकसाहेब आले, म्हणाले, प्रार्थनेपुरती गाडी बंद करा. शेठनी मान हलवली. "साहेब, बंद केली तर परत चालू हुईल याची ग्यारंटी न्हाई." पाळकसाहेबांनी मामींकडे पाहिलं.

"राहू द्या," मामी म्हणाल्या. "ऐकू द्या त्यांना."

म्हणून प्रार्थना इंजिनच्या आवाजात झाली. पाळकसाहेब दोनदा खोकले, धूर तिकडेच जात होता. माझी सात पानं खिशातच राहिली. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी फक्त म्हणालो, "मामा, माझ्याकडे तीन होते," आणि मागे सरलो. लोकांना काही कळलं नसेल. ज्याला सांगायचं होतं त्याला आवाजातून ऐकू गेलं असेल तर गेलं.

परत आलो तर गल्लीत तुमची क्रेन. बाकी कामाला तुम्हाला सहा महिने लागतात. उचलायला मात्र सातव्या दिवशी बरोबर अकरा वाजता. डुक्कर जागेवर नाही म्हणून तुमची माणसं रिकाम्या हातानं जाणार होती का? मुळीच नाही. त्यांनी शेठची, अमृतरावांची आणि माझी गाडी ढकलून पाहिली, आतच राहिलेली किल्ली लावून पाहिली, एकही चालू होईना, आणि तिन्हींवर पिवळी स्टिकरं चिकटवली. बेवारस, बेवारस, बेवारस.

"अरे, आम्ही तिघं वारस तुझ्यासमोर उभे आहोत!" मी ओरडलो.

"चालू करून दाखवा," तुमचा माणूस म्हणाला.

"आणि ही? ही चालू आहे ना? धडधडतीय ना? मग हिचं काढ."

त्यानं डुक्करकडे पाहिलं, तुम्हाला फोन लावला. तुम्ही काय म्हणालात ते त्यानं आम्हाला जसंच्या तसं सांगितलं: चालू आहे तर उचलू नका, पण स्टिकर तसंच राहू दे, अहवाल आल्यावर बघू.

"अहवाल कोण देणार?"

"मी."

"मग दे."

"मला लावायचा अधिकार हाय," तो म्हणाला, "काढायचा न्हाई."

तुमची क्रेन गेली. मुक्तानं गरम पाणी आणि रॉकेल घेऊन तासाभरात आमच्या तिन्ही काचा साफ केल्या. मग फडका घेऊन ती डुक्करकडे वळली.

"तिला हात लावू नका," मामी म्हणाल्या. एवढ्या मोठ्यानं त्या बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. "ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. माझ्यासमोर उभं राहून काढायचं. बारा वर्षं त्या माणसानं स्वतःची गाडी दोरानं ओढून नेली, आणि मी कोणाला सांगितलं नाही. आता ती स्वतःच्या पायानं चालते, तर तुम्ही कागद लावून म्हणता, हिला कोणी नाही? मी आहे ना! मी इथेच बसलेय."

त्याला आता नऊ आठवडे झाले. मामी रोज सकाळी आठ वाजता गाडी चालू करतात, दहा मिनिटं चालू ठेवतात, स्टिकर तसंच. आमच्या तिन्ही गाड्या बसलेल्या आहेत. शेठची ट्रॅक्टरला बांधून संगमनेरला गेली, अमृतराव एसटीनं येतात. पार्ट परत घ्यायचं कोणी नावही काढलेलं नाही, आणि तुम्हीही काढू नका. मी तुम्हाला चार अर्ज दिले. पहिल्याला पोच नाही, दुसऱ्याला पोच आहे पण तारीख नाही, तिसरा तुमच्या शिपायानं परत आणून दिला, चौथ्यावर 'पाहिले' असा शेरा आहे. काय पाहिलंत? गाडी तर पाहिलेली नाहीत. बाईही पाहिलेल्या नाहीत.

मला तुमचा अहवाल नको. परवानगी नको. भिंगारच्या गल्लीत यायचं, मरिया शांतवन उजागरे यांच्यासमोर उभं राहायचं, आणि तुमच्या सहीचा तो कागद तुमच्या नखानं काढायचा. त्या मला रोज विचारतात, आले का कोणी? रोज मी नाही म्हणतो. उद्या काय म्हणू?

कोणत्या तारखेला येताय, साहेब?